बाबांजवळ उरलेला शब्द

तांडापेठ, नागपूर
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. प्रज्वल,

आशीर्वाद. तिकडे चाकणला थंडी असेल. स्वेटर घालत असशील, असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक आहोत असं लिहिलं होतं, मग खोडलं. वरची काळी रेघ त्याची आहे.

तुझा पत्ता तुझ्या मित्राकडून, अंकितकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला दोनदा जेवू घातलं आणि तिसऱ्यांदा सरळ मागितला. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र उचलावं लागत नाही, ते येऊन पडतं. पुढे वाचायचं की नाही ते तुझ्या हाती.

शेजारची पिंकी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीताबर्डीला इंग्रजी बोलायच्या क्लासला जाते आणि आल्यावर आमच्या ओट्यावर बसून माझ्याशी इंग्रजीत बोलते, मला समजत नाही हे तिच्या सोयीचं आहे. समोरच्या लहानूजींनी शेवटचा माग विकला. त्या खोलीत आता पोरांच्या गाड्या उभ्या राहतात. माझं फॉल-पिकोचं काम सुरू आहे, सध्या घरूनच.

बाबांचं अंकितने तुला सांगितलं असेल. त्यालाही सगळं माहीत नाही. १७ नोव्हेंबरला, रविवारी, त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय थोडा परत आला आहे, काठीने मोरीपर्यंत जातात. हात नाही. त्या दिवसाचं सविस्तर पुन्हा कधी लिहीन.

खरी अडचण बोलण्याची आहे. ऐकलेलं त्यांना बरंचसं समजतं, असं मिनल मॅडम म्हणतात. त्या दवाखान्यात पेशंटना बोलणं शिकवतात, वयाने तुझ्याएवढ्या असतील. पण बाहेर शब्द येत नाही. डोक्यात शब्द ठेवायची जी जागा असते तिथेच मार बसला आहे. अशा माणसांजवळ कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, आणि काहीही म्हणायचं असलं तरी तोंडातून तोच निघतो. मॅडमच्या एका पेशंटजवळ 'सोमवार' राहिला होता. एका आजीजवळ नुसती शिवी राहिली होती, घरचे लाजेने दार लावून ठेवत.

बाबांजवळ 'रफ' राहिला आहे.

मी हे तुझ्यापासून लपवू शकले असते. पण तू आलास की पहिल्या मिनिटाला ऐकशील, तेव्हा आधीच सांगितलेलं बरं. त्या दिवशी बुटीबोरीला, बाबांच्या कापड कंपनीत, काय झालं ते मला तुम्हा दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही, अंकितने सांगितलं. तू पास केलेले तागे बाबांनी मॅनेजरसमोर पुन्हा उलगडायला लावले, त्यावरून हात फिरवला, आणि सगळ्या चेकिंगवाल्यांसमोर इंग्रजीत म्हणाले, "रफ. माय सन, रफ." मॅनेजर हसला. मग पोरं तुला त्याच नावाने हाक मारायला लागली, आणि चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस. यांनीच शब्द टाकून तुला तिथे लावलं होतं आणि यांनीच तुला तिथून उठवलं. दोन वर्षं झाली त्याला.

तर बेटा, तो शब्द ते तुला उद्देशून म्हणत नाहीत. चहाला म्हणतात, पंख्याला म्हणतात, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला म्हणतात. पाणी हवं असलं तरी रफ, नको असलं तरी रफ. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या तोंडाकडे बघून रडायची, आता नुसती बघते. सव्वीस वर्षं कापडावर हात फिरवून जो शब्द रोज शंभरदा म्हटला, तोच चिकटून राहिला असेल. मॅडम म्हणतात, शब्द निवडून राहत नाही, जो राहतो तो राहतो.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. जे काही परत यायचं, त्यातलं बरंचसं पहिल्या सहा महिन्यांत येतं. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत. त्या काळात ओळखीचे आवाज कानावर पडत राहिले तर चांगलं. घरात आवाज एकटा माझाच आहे, आणि तो त्यांनी एकतीस वर्षं ऐकला आहे.

तू ये. चार दिवसांसाठी ये. बोलायचं नसलं तर पिंकीशी बोल, ते ऐकतील.

आई-बाबा


तांडापेठ, नागपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्वल,

आशीर्वाद. पत्र पोचलं, एवढं अंकितकडून कळलं. तू वाचलंस की नाही ते त्यालाही सांगता आलं नाही. तुझी तब्येत चांगली असावी. रात्रपाळी असली की तुझे डोळे लाल होतात, थंड पाण्याने धूत जा.

इकडे मी शाळेत जायला लागले आहे असं समज. शिक्षक दोन आहेत, मिनल मॅडम आणि पिंकी, आणि विषय एकच, रफ.

मॅडम म्हणाल्या, जो शब्द आहे त्यालाच धरून पुढे जाऊ. आधी तो नीट म्हणायला लावा, मग त्याच्यासारखे दुसरे जोडू. मला वाटलं, ते तर नीटच म्हणतात. मॅडमनी मला म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "हा फळातला फ झाला. ओठ मिटून फुटतो. इंग्रजीतला तसा नाही." खालचा ओठ वरच्या दातांखाली अलगद ठेवायचा आणि हवा सोडत राहायची. फुंकर घालावी तसं, पण ओठ मिटायचे नाहीत. बाबा कंपनीतल्या साहेबांचं ऐकून तसंच म्हणायचे, हे मला एकतीस वर्षांत कळलं नव्हतं. आता त्यांच्या उजव्या बाजूचा ओठ लोंबतो, दातांपर्यंत पोचत नाही, म्हणून अर्धा शब्द हवेतच जातो. मी बोटाने तो ओठ वर उचलून धरते आणि आरशात आम्ही दोघं एकदम म्हणतो. रोज सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. पन्नाशी उलटल्यावर मी फ शिकले.

पहिल्यांदा ते आरशात हसले. डाव्याच बाजूने, पण हसले. मग तोच चेहरा बघता बघता रडका झाला, आणि ते रडतात की हसतात ते मला ओळखू येईना. मी आरसा पालथा ठेवला.

मग मला वाटलं, शब्द कसा लिहितात तेही बघू. तुझी शाळेतली डिक्शनरी अजून कपाटावर आहे, तुझं नाव, वर्ग, तुकडी सगळं. पिंकीने शब्द काढून दिला. आर, ओ, यू, जी, एच. मी वाचलं, रौघ. ती ओट्यावर आडवी झाली हसून.

"काकू, ते रफच हाये."

"यात फ कुठे आहे वं?"

"नसते. इंग्रजीत असंच राहते. लिवलेलं राहते ते बोलत नाही अन् बोलते ते लिवलेलं नाही."

मी म्हटलं, मग आपल्या घरासारखीच भाषा आहे.

हसू नकोस, पण मी एका वहीत अर्थ उतरवायला घेतले. डिक्शनरीत त्या एका शब्दाखाली अर्धं पान भरलं आहे. मला माहीत होती ती रफ वही, तुझी गणिताची असायची ती. पण खडबडीत कापडालाही तोच शब्द, खाचखळग्यांच्या रस्त्यालाही तोच. उधाणलेल्या समुद्राला तोच. बेताल, दांडग्या माणसाला तोच. घाईत केलेल्या, पुरं न झालेल्या कामाला तोच. अंदाजे सांगितलेल्या गोष्टीला तोच. पिंकीच्या क्लासच्या सरांनी आणखी एक सांगितला, तिकडचे लोक तब्येत बरी नसली की म्हणतात, आज रफ वाटतंय. हा मी मोठ्या अक्षरात लिहिला.

मग मी एकेक अर्थ बाबांवर लावून बघायला लागले. त्यांनी म्हटलं की वही उघडायची. तब्येत बरी नाही? गादी टोचते? मी केलेलं घाईचं झालं? ते माझ्याकडे बघत राहतात आणि पुन्हा तेच म्हणतात, जरा मोठ्याने. एकदा अर्धा तास असं चाललं. शेवटी कळलं, खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं. त्याचा वहीतल्या कुठल्याच अर्थाशी संबंध नव्हता. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, अर्थ डिक्शनरीत शोधू नका. त्यांच्यासाठी तो आता शब्द नाही, नुसता आवाज आहे. डोळे बघा, हात बघा."

तरी मी वही बंद केली नाही. खरं कारण तुला सांगते. मी तुझ्यासाठी शोधत होते. मला वाटलं, एवढे अर्थ आहेत, त्यात एखादा तरी असा असेल की त्या दिवशी चेकिंगमध्ये त्यांनी तोच म्हटला असं तुला सांगता येईल. एक सापडलाही. पैलू न पाडलेल्या हिऱ्यालाही हाच शब्द लावतात. पिंकी म्हणाली, "काकू, हेच लिवा न प्रज्वलदादाले. खुश होऊन जाईन." मी लिहायला घेतलं आणि थांबले. तुझ्या बाबांना हिऱ्यांचं काही माहीत नव्हतं. ते कापडाबद्दलच बोलत होते आणि तुझ्याबद्दलच बोलत होते, आणि त्यांना जे म्हणायचं होतं तेच म्हणाले. मी ओढूनताणून गोड अर्थ काढला तर तू आणखी दोन वर्षं येणार नाहीस, आणि ते बरोबरच होईल.

परवा मी त्यांच्यासमोर तुझा फोटो धरला, पॉलिटेक्निकचा, टाय लावलेला. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले तोच शब्द. मग पुन्हा म्हणाले. मग डाव्या हाताने फोटो माझ्या हातून ओढून घेतला आणि उशीखाली घातला. मी फक्त जे बघितलं ते लिहिते आहे. अर्थ लावत नाही.

तू नाही बोललास तरी या घराला ते नवं नाही. तुझे आजोबा वामनराव आणि त्यांचे भाऊ एकाच खोलीत दोन मागांवर बसायचे आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जायचा तेवढाच आवाज. बाबांनाही तीच सवय. लहानपणी तूच आमचा पोस्टमन होतास. मी म्हणायची, "प्रज्वल, तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलं." ते हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि म्हणायचे, "तुह्या मायले सांग, भूक नाही." तू आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहून खरंच सांगायचास. चौथीत एकदा तू वैतागून म्हणालास, मला अभ्यास आहे, तुमचं तुम्ही सांगा. आम्ही दोघंही हसलो होतो आणि अबोला सुटला होता.

विचारत नाहीस, तरी सांगते. लकवा झोपेतच मारला असं दवाखान्याच्या कागदावर आहे. सकाळी उठायच्या आधीच. त्यामुळे कोणाला काही करता आलं नसतं.

मे लांब नाही. चार दिवस नसतील तर दोन दिवस ये.

आई-बाबा


तांडापेठ, नागपूर
रविवार, २३ मार्च २०२५

प्रज्वल,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. आधी पत्र वाच, मग त्यातून काय घ्यायचं ते तू ठरव.

गुरुवारी अंकितचा फोन आला. म्हणाला, काकू, प्रज्वल बोलला. मी खुर्चीत बसले. तो म्हणाला, एकच विचारलं त्यानं, किती वाजता झालं अन् दवाखान्यात किती वाजता नेलं. बाकी काही नाही. अंकितला वाटलं, साधी चौकशी आहे. त्याने मला पुन्हा पुन्हा विचारलं, "काय सांगू गा त्याले?" घाईत मलाच, बाईमाणसाला, गा म्हणाला. मी म्हटलं, मी लिहीन.

तीन दिवस झाले. दोन कागद फाडले. हा फाडणार नाही.

शनिवारी, १६ नोव्हेंबरला, अंकित तुझा डबा घेऊन आला होता. दिवाळीचं फराळाचं मी त्याच्याबरोबर तुला पाठवलं होतं, बाबांना न सांगता. तू डबा रिकामा पाठवला नाहीस, भाकरवडी घालून पाठवलीस. ते बघून मला इतकं बरं वाटलं की डबा आत ठेवायचं भान राहिलं नाही. ओट्यावरच राहिला. बाबा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, त्यांनी तो बघितला आणि विचारलं, "कोणाचा डबा हाये?"

मी म्हटलं, पिंकीचा.

त्यांनी डबा उलटा केला. तळाला तुझ्या आजीचं नाव घातलेलं आहे, जिजाबाई. भांड्यावर नाव घालायची त्यांच्या आईचीच हौस. त्यांनी ते वाचलं, डबा सुलटा करून ठेवला आणि हात धुवायला गेले. मग झाकण काढून दोन भाकरवड्या खाल्ल्या, उभ्यानेच. माझ्याकडे बघितलं नाही. जेवले, झोपले, बोलले नाहीत. म्हणजे ते मला अखेरचं पूर्ण वाक्य बोलले ते हेच, कोणाचा डबा हाये. आणि मी खोटं उत्तर दिलं.

मी ओळखलं, अबोला सुरू झाला. या घरात तो किती दिवस चालेल ते मला घड्याळासारखं समजायचं. खोट्याचा असला की आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेसहाला ते उठले. हे मी दवाखान्यात सांगितलं नाही आणि तुलाही उलटंच लिहिलं. ते उठले, आपल्या पायांनी मोरीत गेले, चूळ भरल्याचा आवाज मी ऐकला. परत येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. मी चहा नेऊन स्टुलावर ठेवला आणि भिंतीलाच म्हटलं, चहा ठेवला आहे. ते म्हणाले, "रफ."

मी दारात थांबले. ते पुन्हा म्हणाले, "रफ." तोंड भिंतीकडेच.

अबोल्यात ते असं करायचे, दिवसातून एखादा शब्द भिंतीला टोचून बोलायचे. मला वाटलं, चहाला नावं ठेवतात. मग वाटलं, तुझं काढतात, डब्यावरून. दोन वर्षं मी तो शब्द गिळून बसले होते. त्या सकाळी तो बाहेर आला. मी म्हटलं, "हो, मीबी रफ, पोरगाबी रफ. घरात तुम्हीच तेवढे चांगले." आणि मनाशी ठरवलं, या खेपेला आपण आधी बोलायचं नाही. एकतीस वर्षं दर वेळी मीच आधी बोलले आहे. या वेळी बघूच.

पुढचं सांगायला सोपं आहे, कारण मी काहीच केलं नाही. भाजी आणायला गेले. मुद्दाम उशीर लावला. पिंकीच्या आईकडे बसले. बाराच्या पुढे घरी आले तर ते आडवे झाले होते, तोंड भिंतीकडे, उजवा गाल उशीत. चहा तसाच, वर साय धरलेली. मला आणखी राग आला. मी ताट वाढून स्टुलावर आदळलं आणि मशीनवर जाऊन बसले. दोन साड्यांचे फॉल लावले. मशीनच्या आवाजात त्यांनी काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही. म्हटलं असेल असं वाटतं.

अडीच वाजता ताट पडल्याचा आवाज आला. मी भांडायला गेले. सगळी भाजी जमिनीवर. मी त्यांचा खांदा धरून वळवलं, आणि तोंड बघितलं.

अंकितच्या मामाची ऑटो मिळाली. सव्वातीनला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं नीट कधी बघितलं होतं? मी म्हटलं, रात्री झोपताना. ते म्हणाले, मग झोपेत झालं असणार, नेमकी वेळ कळत नाही, रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन आता देता येणार नाही. ते साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. मी मनात मोजलं. साडेसहा ते अकरा. अकरा वाजता मी पिंकीच्या आईकडे चहा पीत बसले होते आणि तुझ्या बाबांचा तोऱ्याचा स्वभाव सांगत होते. ती म्हणालीही, "जाऊ दे न वं, माणसं असेच राहतात."

तू विचारलंस, किती वाजता झालं आणि किती वाजता नेलं. साडेसहा. सव्वातीन.

हे कोणालाच माहीत नाही. एकालाच माहीत आहे. त्यांना. ते मला दोनदा हाक मारत होते, त्यांच्याजवळ जेवढं उरलं होतं तेवढ्याने, आणि मी त्यांना उलट बोलून निघून गेले. हे ते विसरले असतील असं मॅडम म्हणू शकल्या असत्या, पण मी मॅडमना विचारलेलंच नाही. रोज सकाळी मी त्यांचा ओठ बोटाने धरते तेव्हा ते माझ्याकडे बघतात. त्या बघण्यात काय आहे ते मला कळत नाही. मॅडमनी डोळे बघा म्हटलं होतं. मी तेवढंच टाळते.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून एक नवा शब्द आला. 'पाय'. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, रस्ता उघडतोय, आता वाक्यंही येतील. मीही टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन मोरीत उभी राहिले. कारण वाक्यं आली तर पहिलं कोणतं येईल, हे मला माहीत आहे असं वाटतं. रोज चाळीस वेळा मी त्यांना बोलायला शिकवते आणि रोज मनात म्हणते, आज नको. पण सराव चुकवला नाही. एकही दिवस नाही. यावर तू विश्वास ठेवावास असं मला वाटतं, बाकी कशावर नाही ठेवलास तरी चालेल.

तू ये, असं आता कोणत्या तोंडाने लिहू. आधी त्यांच्यासाठी बोलावत होते. आता तू रागावून आलास तरी चालेल, मला जाब विचारायला आलास तरी चालेल. ओट्यावर उभा राहून मोठ्याने विचार, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. फक्त न बोलता बसू नकोस. तुम्हा दोघांपैकी कोणीही न बोलता बसलं की मी काय करते, ते तू आत्ताच वाचलंस.

हे सगळं लिहून झाल्यावर मी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवलं. साडेसहाही वाचलं. सव्वातीनपर्यंत वाचलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग डावा हात पुढे केला. पाणी मागितलं की कागद, कळेना. पाणी दिलं, त्यांनी पेला बाजूला सारला. मग कागद पाटीवर ठेवून दिला आणि पेन बोटांत अडकवलं.

या पानाच्या खालच्या कोपऱ्यात जी वाकडी रेघ आहे, मध्ये तुटलेली, ती त्यांनी काढली आहे. त्यांना तीन-चार मिनिटं लागली आणि कपाळावर घाम आला. ती अक्षर आहे, तुझं नाव आहे, की मी लिहिलेलं खोडायचा प्रयत्न आहे, ते मला सांगता येत नाही. विचारलं तर त्यांनी डोळे मिटले. मी ती तशीच राहू दिली आहे. त्यांच्या वतीने आजवर फार लिहिलं, इथून पुढे लिहिणार नाही.

एकटी,
तुझी आई